दाराखालची पत्रकं

तीर्थरूप आईस,
अनूचा वाकून नमस्कार.

फोनवर माझ्या आवाजावरून तुला सगळं कळतं, म्हणून लिहितेय. आम्ही दोघं बरे आहोत. सत्यजीतला गोदामात दिवसपाळी मिळाली. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस.

जेवणाच्या डब्यांचं काम हळूहळू जम धरतंय, असं मी मागे कळवलं होतं. ते खरं नव्हतं. दोन महिन्यांत एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

उलव्यातल्या पाच नव्या टॉवरमध्ये आम्ही घरोघरी दाराखालून जाहिरातीची पत्रकं सरकवली होती. बेल वाजवायची नाही, या अटीवर वॉचमनने आत सोडलं होतं. काल तुझ्यासारखी थालीपिठं केली आणि चवीला द्यायला परत गेले. दारादाराखाली माझ्या पत्रकांचे कोपरे तसेच दिसत होते. वॉचमन म्हणाला, "मॅडम, इथं राहतंय कोण? विमानतळामुळे भाव वाढतील म्हणून लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवलेत."

पत्रकं छापण्याआधी मी खाली उभी राहून खिडक्या मोजल्या होत्या. एकाही खिडकीत कपडे वाळत नव्हते, हे मला दिसलंच नाही, आई.

थालीपिठं त्यालाच दिली.

तुला पाठवलेलं पत्रक तू देव्हाऱ्यात ठेवलंयस, असं विश्वजीतदादा म्हणाला. ते काढ. त्यावरचा नंबर मी धंद्यासाठी नवीन घेतलाय, तो अजून एकदाही वाजलेला नाही. दादाच्या फोनवरून लाव आणि आज भाजी कुठली, एवढंच विचार. आई आहेस हे सांगू नकोस. गिऱ्हाइकाशी काय बोलायचं ते मी पाठ केलंय, एकदा पूर्ण म्हणू दे.

तुझीच,
अनू