अण्णांची अक्षरं

४ मार्च, सोमवार
मीच केलं अपडेट! कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. चांगलं चाललेलं बघवत नाही मला.
लकव्याने अण्णांची वाचा गेली तेव्हा हे मीच जुळवलं होतं — तळहाताएवढा कॉम्प्युटर, तो चालवायला लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम, समोर टीव्हीवर मुळाक्षरं. एकेक अक्षर उजळतं, हवं ते आलं की अण्णा अंगठ्याने बटण दाबतात. वर्षभर बापलेक असेच बोललो. आज पडदा रखडतोय. दाबतात एकावर, उमटतं भलतंच.

५ मार्च
पडद्यावर चित्रं उमटवणारा प्रोग्रॅम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर, उठतच नाही. अपडेटमुळे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा, ड्रायव्हर जुना — दोघांचं पटत नसणार, दादाचं नि माझं नाही पटत तसं. सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर एकटा ओढतोय. दोनदा ड्रायव्हर पुसून नव्याने टाकला. पालथ्या घड्यावर पाणी!
अण्णांनी लिहिलं, "गठपमझ". मी ओरडले. त्यांच्यावर नाही, टीव्हीवर. पण ऐकलं त्यांनीच.

६ मार्च
दादा आला. पडद्यावरचं "गठपमझ" वाचलं. "समज गेली गं त्यांची. आता शुश्रूषा केंद्रातच ठेवू." म्हटलं, डोकं ड्रायव्हरचं फिरलंय, अण्णांचं नाही! वहिनी हळूच — "वन्सं, एकट्या किती दिवस करणार?"
आयतंच कोलीत मिळालं दोघांना. वर्षात एकदा चादर बदलली नाही, आणि निघाले समज मोजायला! शनिवारी डॉक्टरांना घेऊन येणार आहेत. ते म्हणतील तसं करायचं, असं ठरलं. त्याआधी हे चालायलाच हवं.

७ मार्च
नाही. कीबोर्ड आपटला. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

८ मार्च, शुक्रवार
सापडलं!! अपडेटने सेटिंगच्या फाइलीतली ड्रायव्हरची ओळच बंद करून ठेवली होती. ओळीपुढची एक खूण पुसली — एक! — आणि पडदा पळायला लागला. चार दिवस उगाच कर्नलच्या नावाने खडे फोडले. काखेत कळसा.
दादाला फोन केला. "उद्या नक्की ये. स्वतःच्या डोळ्यांनी वाच." बोलताना मजा आली, खोटं कशाला लिहू?

९ मार्च, शनिवार
डॉक्टर, दादा, वहिनी, सगळे टीव्हीसमोर. अण्णांनी सावकाश लिहिलं, "मला केंद्रात जायचंय. हिची चिडचिड सोसत नाही."
एकही अक्षर चुकलं नाही.