ढवळीचा पान्हा

दहनाच्या वाळवंटातून, रजब महिना
चि. लुबाबास आजीचा सलाम, आणि डोक्यावरून हात फिरवला असं समज.
तुला मुलगा झाला ऐकलं नि मी तंबूचा दोर सोडून नाचलेच. तंबू बसला खाली. तुझे धाकटे आजोबा हे लिहितायत, म्हणतात मुद्द्याचं बोल. मुद्दा हाच, की बाळ सुवैदला इथल्या दुधावर वाढायला माझ्याकडे पाठव. बसऱ्याचं पाणी मचूळ, पोरं तापानं फणफणतात. मळ्यातल्या खजूरवाल्यांकडे तर ठेवूच नकोस, जीभ जड होते. आमची बोली कशी, स्वच्छ. ढवळी सांडणी त्याच्यासाठीच ठेवलीय. तिचं पिल्लू गेलं, म्हणून त्याच्या कातड्यात गवत भरून पुढ्यात उभं केलंय. हुंगते आणि पान्हा सोडते. लवकर पाठव.
तुझी आजी

बसरा, शाबान
ती. आजीस लुबाबाचा सलाम.
हे अडून बसलेत. म्हणतात, वडील धर्मासाठी तंबू सोडून शहरात आले. आता आपण पोर परत वाळवंटात धाडलं तर लोक म्हणतील, यांनी धर्माकडे पाठ फिरवली. मी म्हटलं, तो अजून कुठून कुठे आलाच नाही, पाठ कसली फिरवतोय. हसले. म्हणाले, आजीकडे नमाजाआधी शिव्या शिकेल. शुक्रवारी मशिदीत शेखना विचारणार आहेत. सुवैदचं अंग जरा कोमट लागतंय.
तुझी लुबाबा

बसरा, रमजान
ती. आजीस सलाम.
शेख म्हणाले, वाळवंटात परत राहायला जायची बंदी मोठ्या माणसांना, तान्ह्याला नाही. आम्ही सामान बांधलं. ताप उतरला नाही. गाव संपून वाळू लागते तिथे त्याला पुरलं. रोज भाकरी भाजते. छाती अजून दुधानं भरून येते.
लुबाबा

दहना, शव्वाल
चि. लुबाबास सलाम.
धाकट्या आजोबांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी ताक घुसळत होते. घुसळत राहिले. लोणी चांगलं आलं. जावईबापूंना बोलू नकोस, विचारणं काही वाईट नव्हतं. तू ये. राहायला नको, भेटायला. तेवढ्याला तुमचे शेखही काही म्हणणार नाहीत. धाकटे आजोबा आज आटप म्हणत नाहीत.
ढवळी अजून दूध देते. कातडं उसवलं होतं, काल नवं गवत भरून शिवलं. तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. तरी हुंगते.
सुवैदचं एखादं दुपटं धुवायचं राहिलं असेल, तर न धुता पाठव.
माझी माया तुझ्यावर आहेच.
आजी