काचेची तार

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

नमस्कार. आईंचे गुडघे कसे आहेत? सकाळी गॅलरीत त्यांना ऊन मिळतं ना? जाऊबाईंची बदली टळली हे कळून हायसं वाटलं, आणि धाकटी आता दाराला लोंबकळत नाही हेही. दार वाचलं. इकडे हवा कोरडी आहे. आमच्या औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या आल्या आल्या संपतात.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, वहिनींचा फोन मोडला की काय. फोन धड आहे. उलट परवाच घरात फायबर आलं. पण फोनवर बोलायचं तर हे शेजारीच बसलेले असतात, आणि मेसेजमध्ये दोन ओळींच्या वर माझं डोकं चालत नाही.

तर आधी फायबरचं सांगते. जुनी लाइन तुम्हाला आठवत असेल, खिडकीतून आत येणारी, जागोजागी चिकटपट्टी लावलेली. व्हिडिओवर कुणी आलं की त्याचं तोंड अर्ध्यात थिजायचं आणि आवाज मागून यायचा. तुमच्या दादांचं त्यावाचून कधी अडलं नाही. लिलाव पुकारताना ज्याचा आवाज फळबाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा, त्याला तार कशाला हवी? तुम्हीच त्यांना भोंगा म्हणायचात.

फायबरवाला पहिल्यांदा आला तेव्हा मी दुकानात होते. संध्याकाळी कंपनीचा मेसेज आला की ग्राहकाने काम करू दिलं नाही. घरी आले तर हे खुर्चीत बसून, जेवण झाकलेलं तसंच. काय झालं ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. यांनी दार उघडलं, त्या माणसाकडे बघितलं आणि लावून घेतलं. तो बिचारा बराच वेळ बाहेरून विचारत होता, काका, तार आत घ्यायची ना?

भाऊजी, दार रागाने लावलं नव्हतं. इथवर आलेच आहे तर सांगून टाकते. यांना बोलता येत नाही.

उन्हाळ्यात मी कळवलं होतं की बीपी वाढलं म्हणून दवाखान्यात ठेवलंय. तो पक्षाघाताचा झटका होता. पाय सावरला, उजव्या हाताला अजून पकड नाही. कळतं सगळं. पण शब्द सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द आतच आहेत, बाहेर यायची वाट मोडली आहे. पाणी हवं असलं की ‘खिडकी’ म्हणतात, मग आपलंच ऐकून गप्प होतात.

आईंना तिकडे न्यायच्या वेळी तुमचं दोघांचं वाजलं, त्यानंतर तुम्ही एकदाच फोन केलात, तोही या झटक्यानंतर. मी तो यांच्या कानाला लावला होता. “दादा, झालं गेलं सोड. बोल ना,” असं तुम्ही म्हणालात, ते मलाही ऐकू आलं. यांचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा ताठल्या, ओठ हलले. आवाज निघाला नाही. तुम्ही थोडं थांबून फोन ठेवलात. मग तुमचा मेसेज, की दादाला बोलायचंच नसेल तर मी आता फोन करणार नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, तर यांनी डाव्या हाताने फोन पालथा केला आणि भिंतीवरच्या आईंच्या फोटोकडे बोट दाखवलं. त्यांना कळू नये म्हणून. मी त्यांचं ऐकलं. त्यात शहाणपण होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बोलायला शिकवणाऱ्या बाई लांब असतात, व्हिडिओवर धडे घेतात. एकेक शब्द जुळवताना यांना घाम फुटायचा, आणि तो ओठांवर येईतो बाई पडद्यावर थिजलेल्या. मग त्या म्हणायच्या, ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणा. पुन्हा कुठून आणायचा? शेवटी शेवटी हे पडद्याकडे पाठ करून बसायला लागले. म्हणून फायबर.

दुसऱ्या खेपेला मी रजा घेतली. माणूस तोच आला. खांबावरून तार ओढली. आत केसाएवढी काच असते म्हणे, फार वाकवली तर तुटते. तार कुठून आत घ्यायची, त्याने यांना विचारलं. हे गप्प. तेव्हा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “काकांना ऐकू येत नाही का?”

अशा वेळी मी काहीतरी थाप मारत आले आहे. घसा बसलाय, झोप झाली नाही. त्या दिवशी थाप तोंडात आलीच नाही.

“ऐकू येतं,” मी म्हणाले. “बोलता येत नाही.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून आत जातील. उठले खरे, पण त्या माणसाच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि डाव्या हाताने भिंतीवर फुली मारली, आपल्या खुर्चीच्या मागेच. इथून विजेची वायर गेलेली नाही ना, असं त्याने विचारलं. यांनी मानेनेच नाही म्हटलं. त्याने भोक पाडलं. मी उगाच झाडू घेऊन धूळ गोळा करत बसले, कारण तोंड कुठे लपवावं कळेना.

दुसऱ्या दिवशी धडा होता. ‘पाणी’वर गाडी अडली. बाई म्हणाल्या, राहू दे ते, बाजारात काय पुकारायचात ते म्हणा. हे कितीतरी वेळ नुसते बसून होते. बाईही थांबल्या. पण पडदा थिजला नव्हता, त्यांच्या पापण्या हलत होत्या, त्या आपल्यासाठी थांबल्यात हे यांना दिसत होतं. मग एकदम आलं, “एक वार. दोन वार. तीन वार!” तिसऱ्याला तर असा आवाज लागला की शेजारच्या काकू लाटणं हातात घेऊन धावत आल्या.

बाईंनी मला नंतर समजावलं, की तोंडपाठ असतं ते आधी येतं, बाकीचं येईलच असं नाही. फार आशा लावू नका. आज सकाळी पुन्हा ‘खिडकी’च म्हणाले.

त्यानंतर मी विचारलं, भाऊजींना कळवू का? यांनी मान डोलावली. हे पत्र इथपर्यंत त्यांना वाचून दाखवलंय. खिडकीचं वाक्य खोडायला लावत होते, मग हातानेच म्हणाले, असू दे.

आईंना कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, तुम्ही जवळ आहात. आणि फोन करा, व्हिडिओवर करा. हे गप्प राहिले तरी ठेवू नका. तुमचा चेहरा त्यांना दिसू द्या. वेळ लागेल.

तुमचे,
दादा आणि वहिनी

(यातलं ‘दादा’ त्यांना विचारून लिहिलं आहे.)