रडण्याची दरख्वास्त

जयेंद्रगंज, लष्कर
९ डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप सुमनताईंस,

धाकट्या गोपाळकृष्णाचे आपल्या चरणी मस्तक. इंदूरच्या थंडीने आपला उजवा गुडघा धरला असेल, असे गृहीत धरून विचारपूस करतो (डावा असल्यास तोही याच चौकशीत समाविष्ट समजावा). येथे मी व सौ. लीला कुशल आहोत.

गेला महिनाभर आमचे शहर झोपेत चालल्यासारखे वाटते. मध्यभारत नव्या राज्यात विलीन झाल्यापासून कचेऱ्या भोपाळला निघाल्या आहेत. सकाळच्या धुक्यातून कपाटे, मेजे, दप्तरे हातगाड्यांवरून स्टेशनाकडे तरंगत जातात, आणि प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी असते. परवा वामकुक्षीत मला किल्ल्यावरही तशी चिठ्ठी दिसली. क्रमांक वाचता आला नाही, ही रुखरुख जागा झाल्यावरही राहिली.

कचेरीबरोबर आमची शरयूही गेली (वय बावीस, शिक्षण खात्यात कारकून). आमच्या घरचा नियम आपणांस ठाऊक आहे. त्यावरून आपण दोनदा ताटावरून उठला होतात. मुलीला रडायचे असल्यास तिने लेखी दरख्वास्त द्यावी, कारण नमूद करावे, मी संध्याकाळी शेरा मारावा (मी वाणिज्याचा पदवीधर, तोंडी व्यवहार मला मानवत नाही). लिहिता लिहिता निम्मी कारणे तिची तिलाच किरकोळ वाटत. सातव्या वर्षी बाहुली विहिरीत पडली, तेव्हाची दरख्वास्त तर इतकी मुद्देसूद होती, की मी ती तत्काळ मंजूर केली; परंतु तोवर तिच्यापाशी रडू उरले नव्हते. मी ते यश मानले. उलट आपली लेक उषा सासरी निघताना बँडवाले थांबेपर्यंत रडली, आणि गाडी सुटण्यापूर्वी तिने खिडकीतून कचोऱ्या मागवल्या. ही शिथिल व्यवस्था होय, असे मी त्या वेळी लीलेपाशी बोललो होतो.

स्टेशनावर सगळे खाते रडत होते. शरयू तेवढी वळकटीचा पट्टा आवळीत होती. गाडी हलली आणि माझ्याच चष्म्याला काहीतरी झाले (प्रथम मला धुके वाटले). मुलीने खिडकीतून वाकून पाहिले आणि अगदी हळू, चेष्टेने नव्हे, विचारले, "बाबा, दरख्वास्त दी है?"

तेवढ्यात डबा धुक्यात शिरला.

तेव्हापासून तिची चार पत्रे आली. चारांतही एकच मजकूर: सर्व ठीक. अशी पत्रे मी स्वतः आयुष्यभर लिहीत आलो आहे, त्यामुळे त्यांवर माझा विश्वास बसत नाही.

आपला आज्ञाधारक बंधू,
गोपाळकृष्ण

ता. क. वरचा मजकूर लिहून झाल्यावर पाचवे पत्र आले. फुलस्केपवर, समास सोडून. विषय: रडण्याची परवानगी. कालावधी: सांगता येत नाही. कारणाची जागा कोरी. नियमाप्रमाणे असा अर्ज परत पाठवावा लागतो. मी तीनदा टाक बुडवला आणि तिन्ही वेळा तो हातातच वाळला. उषा रडत असे, तेव्हा आपण तिला काय म्हणत होतात? शक्यतो शब्दशः लिहून पाठवावे.

पुन्हा ता. क. लीला म्हणते, ताई काहीच म्हणत नसत, नुसत्या शेजारी बसत. तसे असल्यास, किती वेळ, एवढेच कळवावे. उत्तर मात्र शरयूच्या पत्त्यावर धाडावे. मी उद्या सकाळच्या गाडीने भोपाळला निघालो आहे.