कुलूप लावलेली सायकल

तीर्थरूप वहिनींस, साष्टांग नमस्कार. त्यातून गुडघे तूर्त वगळावेत. दादाला शोधत रोज सायकल हाणतोय.

दादाची सायकल सापडली. अभयारण्यातून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, झुडपांत, झाडाला टेकवलेली. दादा मात्र अजून सापडलेला नाही.

तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. सायकलला कुलूप होतं. परत यायचंच नाही असं ठरवलेला माणूस कुलूप कशाला लावेल?

वनरक्षक म्हणाला, "तोडून घेऊन जा की, काका."

म्हटलं, "राहू दे. किल्ली मालकाच्या खिशात आहे."

मी वेळेवर जेवतो. तुम्ही जेवता ना? लेकीला काय सांगितलंत?

कपाटातली दुसरी किल्ली मात्र एवढ्यात पाठवू नका.

तुमचा धाकटा दीर