हेरिंगचं लोणचं, आईच्या हातचं

गोथेनबर्ग, १२ मे

ती. हिल्काताईस मार्युतचा सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण गेल्या शनिवारी मी तुर्कूत होते. मार्केट हॉलमध्ये, तुझ्या गाळ्यासमोर! आईशी भांडून गेले त्याला सात वर्षं झाली, एकटीने यायची छाती होईना. म्हणून गाइडबरोबर चवी घेत फिरायचं तिकीट काढलं. अकरा जर्मन आणि टोपी डोळ्यांवर ओढलेली मी. चीज झालं, रेनडियरचं सुकं मांस झालं, मग तू. काळ्या पावावर हेरिंग माशाचं लोणचं ठेवून हातात दिलंस आणि मला ओळखलंसुद्धा नाहीस. सगळ्यांना शेपू, माझ्याच तुकड्यावर नाही. मेली कंजूष ती कंजूषच!

गाइड म्हणाला, हे लोणचं लेम्पीआजी अजून स्वतः घरी घालतात. लेम्पीआजी म्हणजे आपली आईच गं! चव अगदी तीच. आई धडधाकट आहे, या आनंदात परतीच्या बोटीवर हमसून रडले. जूनमध्ये येते. चूक माझीच होती, तिची माफी मागायचीय. तिला आधी सांगू नकोस हं.

धाकटीवरची माया आटली नसेल, असं धरून चालते.

मार्युत

तुर्कू, १९ मे

चि. मार्युतला आशीर्वाद.

सात वर्षांत पहिल्यांदा पाकिटावर स्वतःचा पत्ता घातलास. आई फेब्रुवारीत गेली. तुझ्या जुन्या पत्त्यावर तीन पत्रं पाठवली, तिन्ही परत आली.

लोणचं मी घालते. गाइडची गोष्ट आई होती तोवर खरी होती. पुढे त्याने बदलली नाही, मीही बदलायला लावली नाही.

आणि ओळखलं कसं नाही? दारातून शिरलीस तेव्हाच ओळखलं. शेपूने तुझ्या अंगावर पुरळ उठतं, म्हणून घातला नाही. आईचं नाव ऐकून तू हसलीस. तेव्हाच सांगता आलं असतं. म्हटलं, जाऊ दे खूश होऊन, नंतर जास्त लागेल. हो, इतकी वाईट झालेय मी.

शेवटी शेवटी आई रोज विचारायची, मार्युतचं पत्र आलं का. एक दिवस मला ऐकवेना. मीच बसून तुझ्या नावाने पत्र लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. त्यात तू माफी मागितली होतीस. तिने दिली.

तेव्हा जूनमध्ये यायचं काही कारण उरलेलं नाही. माझ्याजवळ तुझ्यासाठी जी माया होती, ती त्या पत्रात लिहून संपली.

हिल्का