डब्यावरचं पहिलं नाव

मालवण, १२ जून २००६

शी! महिनाभर मी बाबांना काय पाजत होते! मधुमेह, त्यात पायाची जखम भरेना, म्हणून ताकदीसाठी मेडिकलमधून प्रोटीन पावडर आणली. रोज दुधातून दिली. आज रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "डब्यावरचं वाचलंत का?"

घरी येऊन बारीक अक्षरं वाचली. घटकांत पहिलंच नाव साखर! जे सर्वांत जास्त, ते पहिलं लिहितात म्हणे. सोया प्रोटीन तिसरं.

बाबा एवढंच म्हणाले, "आणि माका चायत साखर घालूक देणस नाय गो!"

साखर. पहिलंच नाव. सगळी पावडर मोरीत ओतली. त्या कंपनीची किळस आलीच, त्याहून जास्त माझी मला. बाबांना अक्षरओळख नाही. मी शाळेत मुलांना वाचायला शिकवते.